‘खर्चावर दहा टक्के’ म्हणजे नेमके कशावर? करारातला मार्कअप समजून घेताना

रत्नागिरी जिल्ह्यात घराचं काम सुरू झालं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: “जो काय खर्च होईल तो तुमचा, त्याच्यावर माझे दहा टक्के.” घरमालक कुवेतला किंवा दोहाला, काम बघणारे वडील नाहीतर मेहुणे गावात, आणि कंत्राटदार बहुतेक वेळा ओळखीचा, जमातीतलाच. फोनवर ‘ठीक आहे’ म्हटलं जातं, पहिला हप्ता जातो आणि काम सुरू होतं. वाद होतो तो स्लॅब पडल्यावर, दुसरं किंवा तिसरं बिल हातात आल्यावर. तेव्हा कळतं की ‘दहा टक्के’ दोघांनाही मान्य होते, पण ‘खर्च’ या शब्दाचा अर्थ दोघांच्या मनात वेगवेगळा होता.

खर्चावर लावल्या जाणाऱ्या नफ्याची, म्हणजे मार्कअपची, व्याख्या करारात कशी करायची, ती न केल्यास काय होतं, आपल्या फिकहमध्ये त्याबद्दल काय सांगितलं आहे आणि देशाचा कायदा काय म्हणतो, हे आम्ही या लेखात एकत्र देत आहोत. उदाहरणं घरबांधणीची घेतली आहेत, कारण आपल्या कुटुंबांचा सर्वांत मोठा पैसा तिथेच जातो. हाच हिशेब दुकानाचं फर्निचर, होडीची दुरुस्ती किंवा लग्नाचं केटरिंग यांनाही लागू पडतो.

मार्कअप आणि मार्जिन: एक नाही

वस्तू १०० रुपयांना पडली आणि ११० ला विकली, तर खर्चावरचा नफा १० टक्के झाला. याला मार्कअप म्हणतात. पण हाच १० रुपयांचा नफा विक्रीच्या ११० रुपयांशी ताडून पाहिला तर तो ९.०९ टक्के भरतो. याला मार्जिन म्हणतात. पैसे तेवढेच, टक्का वेगळा.

आता उलट बघा. कंत्राटदार म्हणाला, “एकूण बिलाचे दहा टक्के माझे.” खर्च १०० रुपये असेल तर बिल ११० होणार नाही, १११ रुपये ११ पैसे होईल, कारण त्या बिलाचे दहा टक्के काढल्यावर १०० उरले पाहिजेत. शंभर रुपयांवर फरक रुपयाचा दिसतो, वीस लाखांवर तो २२ हजारांच्या वर जातो. म्हणून पहिला प्रश्न हा: टक्के खर्चावर की बिलावर?

हा प्रश्न आजचा नाही. जुन्या फिकहच्या किताबांत ‘दह याज़दह’ असा फारसी शब्दप्रयोग येतो, म्हणजे ‘दहाचे अकरा’. दर दहावर एक नफा, असा त्याचा अर्थ. कोकणी मुस्लिम समाज बहुतांशी शाफई मसलकचा आहे आणि त्या मसलकमधल्या प्रमुख ग्रंथांपैकी एक म्हणजे इमाम नववी यांचा ‘मिन्हाजुत्तालिबीन’. इमाम नववींचं निधन १२७७ मध्ये झालं. त्या ग्रंथात हाच मुद्दा घसरणीच्या बाजूनेही घेतला आहे: कुणी खरेदीभावापेक्षा ‘दह याज़दह’ने कमी करून विकतो म्हणाला, तर कपात दर अकरामागे एक धरायची की दर दहामागे एक? ११० ला घेतलेली वस्तू पहिल्या हिशेबाने १०० ला जाईल, दुसऱ्याने ९९ ला. तिथे पहिला हिशेब स्वीकारला आहे आणि दुसऱ्या मताचीही नोंद आहे. साडेसातशे वर्षांपूर्वी फुकहा एका दिरहमच्या फरकासाठी एवढे काटेकोर होते. आपण लाखांचा व्यवहार तोंडी उरकतो.

एकाच वाक्याची चार बिलं

समजा, घराला लागलेली मजुरी ७ लाख, कंत्राटदाराने आणलेला माल (चिरा, सिमेंट, सळी, वाळू, खडी) १३ लाख, आणि टाइल्स, नळ, दरवाजे असा ३ लाखांचा माल मालकाने स्वतः दुकानातून घेतला. बोली एकच: “खर्चावर दहा टक्के.”

- टक्के फक्त मजुरीवर धरले, तर कंत्राटदाराचे ७०,००० रुपये.
- मजुरी आणि त्याने आणलेल्या मालावर धरले, तर २० लाखांवर २,००,००० रुपये.
- मालकाने स्वतः घेतलेला मालही ‘कामाचा खर्च’ मानला, तर २३ लाखांवर २,३०,००० रुपये.
- तोच २३ लाखांचा खर्च, पण दहा टक्के ‘एकूण बिलाचे’, तर सुमारे २,५५,५५६ रुपये.

सत्तर हजार आणि अडीच लाख यांच्यात कुणी खोटं बोललेलं नाही. मालक पहिल्या ओळीचा हिशेब मनात धरून बसला होता, कंत्राटदार तिसऱ्या. दोघेही स्वतःला खरे समजतात आणि समोरच्याला बेईमान. अशा भांडणात बाहेरच्यांना निवाडा करणंही कठीण जातं, कारण लिहिलेलं काहीच नसतं.

मुराबहाचा नियम: किंमत सांगून विकणे ही अमानत

इस्लामी व्यापारात भाव ठरवण्याच्या दोन मोठ्या पद्धती आहेत. एक, मुसावमा: विकणारा आपली खरेदी किंमत सांगत नाही, दोघे घासाघीस करून भाव ठरवतात. दुसरी, विश्वासावरची विक्री: विकणारा म्हणतो, ‘मला एवढ्याला पडली, त्यावर माझा एवढा नफा.’ नफा जोडून विकणं म्हणजे मुराबहा. खरेदीच्या भावानेच देणं म्हणजे तौलिया. त्याहून कमीत देणं म्हणजे वदीआ.

मुसावमामध्ये नफा किती हे सांगायचं बंधन नाही. फसवणूक मात्र नको. मुराबहामध्ये ग्राहक विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबून असतो, म्हणून सांगितलेली किंमत ही अमानत ठरते. म्हणून फुकहांनी तीन गोष्टींवर बारीक नियम दिले.

एक, शब्द कोणता वापरला. शाफई फिकहनुसार विकणारा ‘मी जेवढ्याला घेतली’ म्हणाला, तर त्यात फक्त खरेदीचे पैसे येतात. ‘मला जेवढ्याला पडली’ म्हणाला, तर मापाड्याची मजुरी, दलाली, राखणदाराचा पगार, रंगाऱ्याची मजुरी आणि रंगाची किंमत, असे विक्रीसाठी झालेले खर्चही त्यात धरता येतात. हनफी ग्रंथ ‘हिदाया’तही हाच भेद आहे: कापड रंगवणं, शिवणं, माल वाहून आणणं हे किमतीत मिळवता येतं, पण मग ‘घेतली’ म्हणायचं नाही, ‘पडली’ म्हणायचं. जनावरं हाकत आणण्याचा खर्च चालतो. गुराख्याचा पगार आणि माल ठेवायच्या जागेचं भाडं मात्र ‘हिदाया’ त्यात धरत नाही.

दोन, स्वतःचे श्रम. विकणाऱ्याने माल स्वतः वाहिला, स्वतः मोजला किंवा कुणी फुकट करून दिलं, तर त्याची मजुरी ‘पडली’मध्ये येत नाही, असं शाफई ग्रंथ सांगतात. ती हवी असेल तर वेगळी सांगायची. कंत्राटदार स्वतःच्या गाडीने सिमेंट आणतो, स्वतः देखरेख करतो. त्याचे पैसे मागणं गैर नाही. पण ते ‘खर्च’ या शब्दाआड टाकून वर पुन्हा टक्के लावणं गैर आहे.

तीन, उधारी आणि दोष. माल उधारीने घेतला असेल तर तेही सांगावं लागतं, कारण उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा असू शकतो. हार्डवेअरच्या दुकानात हे रोज घडतं. मालकाने रोख पैसे दिले आणि कंत्राटदाराने माल उधारीच्या भावाने आणला, तर फरक कुणाच्या खिशातून गेला?

आणि किंमत खोटी निघाली तर? शंभर सांगितली आणि नव्वद निघाली, तर शाफई मसलकच्या प्रबळ मतानुसार वरचे दहा आणि त्या दहावरचा नफा, दोन्ही वजा होतात. हनफी इमामांत यावर तीन मतं आहेत. इमाम अबू हनीफांच्या मते मुराबहामध्ये ग्राहकाला ठरल्या किमतीत ठेवण्याचा किंवा परत करण्याचा पर्याय मिळतो. इमाम अबू यूसुफ यांच्या मते फरक वजा होतो. इमाम मुहम्मद मुराबहा आणि तौलिया दोन्हींत पर्याय देतात. मतं वेगळी असली तरी आकडा खोटा सांगून घेतलेला नफा कुणीही बिनतक्रार चालू दिलेला नाही.

इथे एक सावधानता. घरबांधणीचा करार जसाच्या तसा मुराबहा नसतो. मजुरीचा भाग इजाऱ्यात येतो. मालकाच्या पैशाने, मालकासाठी माल आणणारा कंत्राटदार हा वकील, म्हणजे प्रतिनिधी ठरतो. मालासहित ठरावीक रकमेला घर बांधून देणं इस्तिसनाअसारखं आहे आणि त्याबाबत हनफी व शाफई दृष्टिकोन वेगळे आहेत. ज्याची किंमत अजून कुणालाच माहीत नाही असा उद्याचा माल आज टक्क्यांवर विकता येतो का, हाही मसला आहे. तुमच्या व्यवहाराचा फतवा तुमच्या आलिमांकडून किंवा दारुल इफ्तामधूनच घ्यावा. पण आकडा खरा सांगणं, शब्दाचा अर्थ आधी ठरवणं आणि श्रम वेगळे दाखवणं ही शिस्त प्रत्येक प्रकाराला लागू आहे.

‘खर्च’मध्ये काय येतं? आधी ठरवायच्या आठ गोष्टी

१. दुकानदाराची सूट. सिमेंट, सळी, टाइल्सवर कंत्राटदाराला सूट किंवा नंतर कमिशन मिळतं. खर्च म्हणजे बिलावरची छापील रक्कम की सूट वजा जाऊन दिलेली रक्कम? कंत्राटदार मालकासाठी खरेदी करत असेल तर सूट मालकाची.

२. जीएसटी. टक्के कराआधीच्या रकमेवर की करासहित? आणखी एक बारकावा आहे. कंत्राटदार जीएसटी नोंदणीकृत असेल आणि मालावरच्या कराचं क्रेडिट घेत असेल, तर तो कर त्याला परत मिळतो. जे परत मिळतं ते ‘खर्च’ नाही.

३. वाहतूक आणि हमाली. चिरा खाणीवरचा भाव आणि दारात पडलेला भाव यांत मोठा फरक असतो. वाळू, खडी बरासवर येते. बरास म्हणजे १०० घनफूट. बरास गाडीत मोजायची की खाली उतरवल्यावर, हेही ठरलेलं बरं.

४. सेंट्रिंग, मिक्सर, परांची. कंत्राटदाराचं स्वतःचं सामान असेल तर त्याचं भाडं लागणार का? लागणार असेल तर दर किती आणि त्यावर टक्के लागणार का?

५. वरखर्च. मुकादमाचा पगार, फोन, गाडीचं पेट्रोल, हिशेबनिसाचे पैसे. हे टक्क्यांच्या आत की बाहेर?

६. नासाडी. थोडी मोडतोड होतेच. किती टक्क्यांपर्यंत मालकाची आणि त्यावर कुणाची?

७. चुकीचं काम पाडून पुन्हा करणं. गवंड्याच्या चुकीने भिंत पाडली तर तो खर्च मालकाचा नाही. त्यावर नफा तर मुळीच नाही. मालकाने मन बदललं आणि खिडकी हलवली, तर मात्र खर्च मालकाचा.

८. मालकाने थेट घेतलेला माल. यावर टक्के नसतील तर तसं लिहावं. बसवण्याची मजुरी वेगळी धरता येते.

सरकारी कामांत हे कसं करतात ते बघण्यासारखं आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दर विश्लेषणात माल आणि मजुरीच्या बेरजेवर आधी १ टक्का पाण्याचा खर्च मिळवतात आणि मग त्या बेरजेवर १५ टक्के ‘कंत्राटदाराचा नफा व वरखर्च’ धरतात. म्हणजे १०० चे १०१ आणि १०१ चे ११६.१५. आकडा तुमच्या घराला लागू नाही, पण दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. टक्के कोणत्या बेरजेवर लागतात हे ठरलेलं आहे. आणि वरखर्च त्या १५ टक्क्यांच्या आत आहे. तो पुन्हा वेगळा मागता येत नाही.

टक्के की ठरावीक मेहनताना?

आपल्याकडे कामं साधारण चार पद्धतींनी दिली जातात.

उक्तं, मालासहित: ‘चौरस फुटाला एवढे’ किंवा एकूण एवढे. भाव वाढला तर जोखीम कंत्राटदाराची, म्हणून तो आधीच थोडं जास्त धरतो. मालाचा दर्जा लिहून घेतला नाही तर हलका माल येण्याची भीती.

फक्त मजुरी: माल मालकाचा. हिशेब सोपा, पण माल वेळेवर पुरवायला घरात जाणता माणूस हवा. मालक परदेशात असेल तर सगळा भार वडिलांवर.

खर्च अधिक टक्के: लवचीक, पण एक दोष मुळातच आहे. खर्च जितका वाढेल तितका कंत्राटदाराचा नफा वाढतो. सळी ५० हजारांनी महाग पडली तर दहा टक्क्यांवाल्याला ५ हजार जास्त मिळतात. माणूस प्रामाणिक असला तरी भाव पाडून घेण्याची त्याला निकड राहत नाही. अमेरिकेच्या संघराज्य सरकारला तर या पद्धतीने कंत्राट देण्यास कायद्यानेच मनाई आहे. युद्धकाळातल्या खरेदीतून त्यांना हा धडा मिळाला.

खर्च अधिक ठरावीक मेहनताना: खर्च खरा असेल तो, आणि कंत्राटदाराचे, समजा, दीड लाख पक्के, काम वाढलं तरच त्यात वाढ. खर्च वाढवून त्याला काही मिळत नाही, वेळेत उरकलं तर फायदा होतो. परदेशात राहून घर बांधणाऱ्यांसाठी आमच्या मते ही पद्धत सर्वांत कमी भांडणाची आहे. टक्केच द्यायचे असतील तर वरची मर्यादा घालावी: ‘कोणत्याही परिस्थितीत एकूण नफा अमुक रकमेपेक्षा जास्त होणार नाही.’

आपल्याच जिल्ह्यातलं मोठं उदाहरण

खर्च कुणाचा, नफा कशावर आणि हिशेब कुणी पाहायचा, या प्रश्नांची किंमत अख्ख्या राज्याने मोजली ती गुहागर तालुक्यात, दाभोळ वीज प्रकल्पात. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ आणि एन्रॉनची दाभोळ पॉवर कंपनी यांच्यात वीज खरेदीचा करार ८ डिसेंबर १९९३ रोजी झाला.

त्या काळात खासगी वीज प्रकल्पांसाठी केंद्राचं सूत्र ‘खर्च अधिक परतावा’ असं होतं: भागभांडवलावर १६ टक्के परतावा, ६८.५ टक्के क्षमतेने चालल्यास. त्यात दोष हाच की भांडवली खर्च फुगला की परतावाही फुगतो; पण निदान खर्च तपासायची वाट होती. दाभोळचा दर मात्र स्पर्धात्मक निविदेशिवाय, वाटाघाटीतून ठरला. इंधनाचा खर्च मंडळाकडे, डॉलर महागला तर तो बोजाही मंडळाकडे, आणि वीज उचलली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यायचे. सत्ताबदलानंतर १९९५ मध्ये नेमलेल्या मुंडे समितीने निविदा नसणं, गुप्तता आणि वाढीव भांडवली खर्च यांवर बोट ठेवलं. ऑगस्ट १९९५ मध्ये करार रद्द झाला, मग पुन्हा वाटाघाटी झाल्या. पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला आणि मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. प्रकल्प पुढे २००५ मध्ये स्थापन झालेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनीकडे आला.

करारामागे मोठमोठे वकील असूनही ही अवस्था झाली. करार जाड असून भागत नाही. खर्च तपासायचा हक्क आणि जोखमीची वाटणी त्यात आहे का, हे पाहावं लागतं. आपल्या चार पानी करारालाही तोच निकष.

देशाचा कायदा काय सांगतो

भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये या विषयाला लागणारी काही कलमं आहेत. कलम २९ नुसार ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो रद्दबातल ठरतो. कलम २१३ नुसार प्रतिनिधीने मालकाला मागेल तेव्हा हिशेब दिला पाहिजे. कलम २१५ आणि २१६ प्रतिनिधीने मालकाच्या नकळत स्वतःच त्या व्यवहारात पडण्याबद्दल आहेत. कंत्राटदार स्वतःच्या किंवा घरातल्या दुकानातून माल लावत असेल तर तुम्हाला सांगून लावला पाहिजे. कलम २१८ नुसार मालकाच्या वतीने मिळालेली रक्कम मालकाला द्यायची असते. दुकानदाराच्या ‘कमिशन’चा प्रश्न याच कलमांशी येऊन थांबतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘सेवा’ या व्याख्येत घरबांधणीचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे राहत्या घराच्या कामातल्या त्रुटीबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येतं. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे. पण तिथेही पहिली मागणी कागदाचीच होईल. जमातीत समझोता करायचा असला तरी कागद लागतोच.

‘मुराबहा’ नावाने पैसे घेणाऱ्यांबद्दल

आखातात असलेल्यांना बँकेचा मुराबहा ओळखीचा असतो: बँक गाडी आधी स्वतः विकत घेते आणि नफा जोडून हप्त्यांवर विकते. बहरीनमधली आओफी ही संस्था याचे मानदंड ठरवते. त्यानुसार वस्तू आधी बँकेच्या मालकीची झाली पाहिजे, किंमत आणि नफा विक्रीच्या वेळीच पक्के हवेत आणि हप्ता उशिरा भरला म्हणून किंमत वाढवता येत नाही.

भारतात मात्र बँकांना हे करता येत नाही. बँकिंग नियमन कायदा, १९४९ च्या कलम ८ नुसार बँकेला मालाची खरेदी-विक्री करायला मनाई आहे. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेनेही इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय घेतल्याचं माहिती अधिकारातल्या उत्तरात सांगितलं. म्हणून गावात कुणी ‘मुराबहा’ म्हणून घराच्या सामानासाठी पैसे देत असेल, तर तीन प्रश्न विचारा. माल खरंच त्यांनी आधी विकत घेतला का? मूळ बिल दाखवतील का? उशीर झाला तर रक्कम वाढते का? रोख पैसे हातात देऊन त्यावर महिन्याला टक्के घेणं याला नाव काहीही दिलं तरी तो मुराबहा होत नाही.

करारात लिहायची कलमं: नमुना

खालची भाषा तुमच्या कामाप्रमाणे बदलून घ्या आणि मोठ्या कामात वकिलाला दाखवा.

“खर्च म्हणजे या कामासाठी तिसऱ्या व्यक्तीला प्रत्यक्ष दिलेली, बिल किंवा सहीच्या पावतीने सिद्ध होणारी रक्कम; सर्व सूट, कमिशन आणि परत मिळणारा कर वजा करून.”

“खर्चात धरले जाणार नाही: कंत्राटदाराची स्वतःची देखरेख, त्याचं वाहन, फोन, कार्यालय, त्याच्या किंवा त्याच्या माणसांच्या चुकीने पुन्हा करावं लागलेलं काम, दुकानदाराच्या उधारीपोटी वाढलेली रक्कम.”

“मेहनताना: वरील खर्चावर … टक्के (खर्चावर, बिलाच्या एकूण रकमेवर नाही), कमाल … रुपये. मालकाने थेट घेतलेल्या मालावर मेहनताना लागणार नाही.”

“स्वतःचं सामान: सेंट्रिंग व मिक्सरचं भाडं सोबतच्या यादीप्रमाणे, त्यावर टक्के लागणार नाहीत.”

“मंजुरी: … रुपयांच्या वरची कोणतीही खरेदी मालकाच्या लेखी मंजुरीनंतर, व्हॉट्सॲपवरचा संदेश लेखी मानला जाईल.”

“स्वतःचं दुकान: कंत्राटदार किंवा त्याच्या नातेवाइकाच्या दुकानातून माल घेतल्यास ते आधी सांगितलं जाईल आणि आणखी एका दुकानाचा भाव दाखवला जाईल.”

“हिशेब: दर पंधरा दिवसांनी बिलांच्या फोटोंसह. पुढचा हप्ता मागचा हिशेब मिळाल्यावर.”

“जास्त आकारणी: खर्च जास्त दाखवल्याचं आढळल्यास जास्तीची रक्कम आणि तिच्यावरचा मेहनताना, दोन्ही पुढच्या बिलातून वजा होतील.”

शेवटचं कलम वाचताना ओळखीचं वाटलं असेल. शाफई फुकहांनी दिलेला निवाडाच तो, आजच्या भाषेत.

कागद मागणं म्हणजे संशय नव्हे

आपल्याकडे खरी अडचण कायद्याची नाही, संकोचाची आहे. “चाचांच्या मुलाकडून लिहून काय घ्यायचं?” असं घरातली मोठी माणसं म्हणतात. कुरआनमधली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीच्या व्यवहारांच्या लिखाणाबद्दलच आहे. व्यवहार लहान असो वा मोठा, मुदतीसकट लिहायचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. हा हुकूम अनोळखी माणसांपुरता नाही.

कागदाने कंत्राटदाराचंही रक्षण होतं. भाव खरंच वाढले, मालकाने तीनदा नकाशा बदलला, तरी ‘खाल्ले’ असा ठपका त्याच्यावरच येतो. गावात नाव गेलं की पुढची कामं जातात. ज्याचा हिशेब लिहिलेला आहे त्याला मशिदीबाहेर मान खाली घालावी लागत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी “खर्चावर दहा टक्के” म्हणालं, तर टक्के आठ करा म्हणून घासाघीस करण्याआधी विचारा: “भाई, खर्च म्हणजे काय काय धरलंय?” त्याचं उत्तर तिथेच, दोघांच्या समोर लिहून घ्या आणि दोघांनी सही करा. घर पंधरा-वीस लाखांत उभं राहतं. त्या घरावरून तुटलेलं नातं पुन्हा जोडायला किती लागतं, हे आपल्यातल्या अनेक घरांना ठाऊक आहे.